आधी रफनेस, मग ऊन, आग सगळ्यात शेवटी

ओळखीतले पोट्टे आजकाल विचारतात, दादा गेममधले व्हीएफएक्स, म्हणजे आग-धूर-स्फोटाचे इफेक्ट, शिकायचेत, कुठून सुरू करू. आणि व्हीएफएक्स म्हणजे त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट असते, आग. तलवारीला आग, गाडीला आग, हातातून निघणारा निळा गोळा आणि त्याच्या मागेही आग. मी म्हणतो करू ना आग, पण आधी मला एक स्टीलची वाटी करून दाखव, जी बघितल्यावर स्टीलचीच वाटली पाहिजे. मग तो नाराज होते, कारण वाटीचा रील कोणी बघत नाही बाप्पा.

पण खरंच सांगतो, मटेरियल, लाइटिंग आणि इफेक्ट हे तीन वेगवेगळे कोर्स म्हणून विकले जातात, म्हणून लोकांना ते तीन विषय वाटतात. गेम इंजिन, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरमध्ये गेम बनतो, त्याच्या आत तसं काही नसते. उजेड येतो, वस्तूवर पडतो, वस्तू ठरवते की त्यातला किती गिळायचा, किती परत फेकायचा आणि कुठल्या दिशेला फेकायचा, आणि जो फेकला तो कॅमेऱ्यात जातो नाहीतर दुसऱ्या वस्तूवर, बस. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी हे सगळं एका समीकरणात मांडलं आणि आज आपण जी इंजिनं वापरतो ती त्याच समीकरणाचा जेवढा परवडेल तेवढा तुकडा सोडवून राहिली आहेत. हवेतला धूर, धूळ, आग यांच्यासाठी तेच समीकरण थोडं वाढवावं लागते, पण हिशोब उजेडाचाच. म्हणून क्रम उलटा केला की काय होते, पोट्टा महिनाभर घासून स्फोट बनवतो, सीनमध्ये टाकतो, आणि तो स्फोट त्या सीनचा वाटतच नाही, आणि मग तो स्फोटातच अजून बदल करत बसतो, जेव्हा की गडबड भिंतीत आणि उन्हात असते.

सॉफ्टवेअरचं एकदाच सांगून टाकतो. थ्रीडी मॉडेल बनवायचं ब्लेंडर फुकट आहे, गोडो इंजिन फुकट आहे, अनरियल आणि युनिटी ही इंजिनं शिकायला पैसे लागत नाहीत, आणि पॉली हेवन या साइटवर टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायची चित्रं, आणि एचडीआरआय, म्हणजे चहूबाजूंचा उजेड टिपलेले फोटो, पूर्ण मोफत आहेत, क्रेडिट द्यायचीही सक्ती नाही. मी गोडोत काम करतो कारण आम्ही फोनवरचे छोटे गेम बनवतो. कोणतं इंजिन भारी या वादात मी पडत नाही, कारण मटेरियलच्या बाबतीत आता सगळे सारखेच झाले. २०१२ च्या सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी त्यांची पद्धत मांडली, कलाकाराला समजतील असे थोडेसे स्लायडर आणि त्यामागे भौतिकशास्त्र, पुढच्या वर्षी एपिकच्या ब्रायन कॅरिस यांनी तीच गेमला झेपेल अशी करून अनरियल ४ मध्ये आणली, आणि त्यानंतर सगळ्यांनीच तो रस्ता धरला. त्यामुळे बेस कलर (मूळ रंग), मेटॅलिक (धातू आहे की नाही), रफनेस (खरबरीतपणा) आणि नॉर्मल मॅप (खोटे उंचवटे दाखवणारं चित्र) हे चार एकदा नीट समजले की इंजिन बदललं तरी काही अडत नाही.

या चारात नवीन माणूस सगळ्यात जास्त वेळ बेस कलरवर घालवतो आणि तिथे खरं तर सगळ्यात कमी काम असते. फक्त एक नियम पाळा, पूर्ण काळं आणि पूर्ण पांढरं वापरू नका. कोळसासुद्धा साधारण ४ टक्के उजेड परत फेकतो आणि ताजी पांढरी भिंत ८० टक्क्यांच्या आसपास. दीक्षाभूमीचा स्तूप भर दुपारी बघा, डोळे दिपतात, मग वाटते की याचा रंग १ च (० म्हणजे पूर्ण काळा, १ म्हणजे पूर्ण पांढरा) टाकायला पाहिजे. नाही. तो पांढरा दिसून राहिला कारण त्याच्यावर ऊन पडून राहिलं, रंग तुम्ही ०.८ च ठेवायचा आणि दिपवायचं काम उन्हाला करू द्यायचं. रंगातच सगळा उजेड भरून ठेवला तर संध्याकाळचा सीन करताना तो स्तूप ट्यूबलाइट होऊन बसते.

मेटॅलिक हा स्लायडर आहे म्हणून लोक त्याला ०.४ वर ठेवतात, थोडा धातू. अरे थोडा धातू काय असते बे, एकतर धातू आहे नाहीतर नाही. मधल्या किमती फक्त कडेला येतात, जिथे दोन गोष्टी एका पिक्सेलमध्ये मिसळतात. आपल्या घरचा लोखंडी कूलर घ्या, मॉडेल करायला याच्याहून चांगली वस्तू नाही. पत्रा धातूचा, म्हणजे १. पण पत्र्यावर जो ऑइल पेंट मारला तो धातू नाही, ०. पेंट निघून गंज चढला, गंज म्हणजे आयर्न ऑक्साइड, तोही ०. त्यावर धूळ, ०. खाऱ्या पाण्याचा पांढरा थर खालच्या कडेला जमला, तोही ०. म्हणजे अख्ख्या कूलरवर खरा १ कुठे सापडते, तर जिथे ओरखडा पडून पत्रा उघडा पडला तिथे, आणि स्टँडच्या एखाद्या नवीन नटबोल्टवर. एवढं एक समजून केलं ना तरी तुमचा कूलर बाकीच्यांच्या साय-फाय पेट्यांपेक्षा खरा वाटेल.

आता रफनेस. माझं मत आहे की खरेपणाचा मोठा हिस्सा एकट्या रफनेसमध्ये असतो, रंग चुकला तरी डोळा माफ करतो पण चमक चुकली की लगेच प्लास्टिक वाटते. रफनेस म्हणजे त्या वस्तूला कोणी कुठे हात लावला याची नोंद. मेट्रोतला पकडायचा दांडा बघा, खांद्याच्या उंचीवर बोटांच्या तेलकट खुणा, वर छताजवळ स्वच्छ चमक. जुन्या लाकडी दाराला कडीच्या आजूबाजूला तेवढाच भाग गुळगुळीत. देवळाच्या पायरीवर मधोमध दगड घासून तुकतुकीत आणि कडेला भिंतीजवळ खरबरीत, कारण कडेने कोणी चालत नाही. नागपूरच्या इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर उभं राहा, नवीन पितळी घंगाळ आणि त्याच्याच बाजूला वापरलेलं जुनं, रंग जवळपास तोच, पण एकात समोरची गाडी दिसते आणि दुसऱ्यात फक्त पिवळा धूसर पट्टा. हा फरक पूर्ण रफनेसचा आहे, रंगाच्या मॅपला हातही लावायची गरज नाही.

स्लायडर फिरवताना एक लक्षात ठेवा, बहुतेक इंजिन रफनेसचा आत वर्ग करतात, म्हणजे तुम्ही ०.५ दिला की हिशोबात ०.२५ जाते, असं केलं की डोळ्याला बदल सारखा सारखा वाटतो. आणि वस्तूचा रफनेस ओळखायची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे रात्री लाइट बंद करायचे, फोनचा टॉर्च त्या वस्तूवरून हळूहळू फिरवायचा आणि चमकेचा डाग बघायचा. छोटा आणि धारदार डाग असेल तर रफनेस कमी, मोठा पसरट असेल तर जास्त, आणि फिरवता फिरवता डाग जिथे तुटतो, लांबतो, अचानक गायब होतो ते सगळं तुमच्या मॅपमध्ये आलं पाहिजे. घरचे विचारतात हा पोट्टा रात्री फ्रिजला टॉर्च मारून काय पाहून राहिला, विचारू द्या.

धूळ आपल्याकडे फुकट मिळते, तिचा पण शेडर, म्हणजे पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारा छोटा कोड, करून टाका. उन्हाळ्यात नागपुरात सकाळी पुसलेली गाडी संध्याकाळी पुन्हा मातकट असते, पण नीट बघा, धूळ बसते ती वरच्या बाजूला, उभ्या बाजूला फार कमी. म्हणजे शेडरमध्ये पृष्ठभागाचा वर्ल्ड नॉर्मल, म्हणजे त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते, घ्या, तो जितका आकाशाकडे बघून राहिला तितकी धूळ जास्त, आणि जिथे धूळ तिथे रंग मातीकडे न्या, रफनेस वाढवा आणि मेटॅलिक शून्यावर आणा. चार ओळींचा कोड आहे, आणि एकच मटेरियल गाडीवर, टेबलावर, पंख्याच्या पात्यावर सगळीकडे चालते.

मग जूनमध्ये पहिला पाऊस येतो आणि हेच सगळं उलटं होते. ओली वस्तू गडद दिसते आणि चमकदार पण होते, हे दोन्ही सोबत करायचं असते. माती, काँक्रीट, डांबर यांच्या छिद्रात पाणी शिरते म्हणून रंग गडद करा आणि रफनेस खाली आणा. पण स्टील, काच आणि चिनीमातीच्या फरशीत पाणी शिरायला जागाच नाही, त्यांचा रंग गडद करायचा नाही. डबकं असेल तिथे नॉर्मल मॅपही सपाट करा, पाण्याखालच्या खडीचे उंचवटे चमकेत दिसले की ते पाणी वाटत नाही, वार्निश वाटते.

संध्याकाळी फुटाळा तलावावर जाऊन बसले तर फ्रेनेल, म्हणजे नजर तिरपी झाली की चमक वाढते ते, पण समजून जाते. पायाजवळच्या पाण्यात सरळ खाली बघितलं तर तळ दिसते, कारण सरळ बघताना पाणी फक्त २ टक्के उजेड परत फेकते. तेच पाणी पलीकडच्या काठाजवळ आरसा झालेलं असते, कारण तिथे नजर तिरपी पडून राहिली. धातू सोडून बाकी बहुतेक वस्तू सरळ बघताना ४ टक्क्यांच्या आसपास असतात आणि तिरक्या नजरेत सगळ्याच चमकतात. इंजिन हे स्वतःच करते, तुम्ही फक्त स्पेक्युलरचा, म्हणजे चमकेचा, स्लायडर छेडू नका.

अजून एक बारीक गोष्ट, फार लोक याच्यात अडकतात. नॉर्मल मॅप आणि रफनेस मॅप हे रंग नाहीत, आकडे आहेत, म्हणून इम्पोर्ट करताना त्यांचं एसआरजीबी, म्हणजे रंगांसाठीचं रूपांतर, बंद पाहिजे. आणि नॉर्मल मॅप ब्लेंडर, गोडो, युनिटीत एका पद्धतीचा लागतो आणि अनरियलमध्ये हिरवा चॅनल उलटा लागतो. विटांच्या फटी बाहेर आलेल्या दिसल्या तर हिरवा चॅनल पलटवा.

आता ऊन. लाइटिंगचे जे ट्यूटोरियल असतात त्यात सूर्य कायम तिरपा, सोनेरी, झाडातून किरणं येऊन राहिली. छान दिसते, पण आपलं गाव तसं वर्षातले किती तास दिसते? नागपूर २१.१५ अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या आत, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पहिल्यांदा २६ मेच्या आसपास, ऐन नवतप्यात, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या जवळपास. दुसऱ्यांदा जुलैच्या मध्यात, पण तेव्हा ढगांमुळे दिसेलच असं नाही. त्या मिनिटाला झीरो माइलच्या खांबाची सावली पायातच गोळा होते. आणि डिसेंबरात त्याच खांबावर दुपारी सूर्य फक्त ४५ अंश वर असतो. म्हणजे तुमच्या डायरेक्शनल लाइटचा, म्हणजे गेममधल्या सूर्याचा, अँगल बदलला की नुसती वेळ नाही, महिना बदलते.

आणि मे महिन्याची दुपार बनवणं हे मला वाटते लाइटिंगमधलं सगळ्यात अवघड काम आहे, रात्रीपेक्षाही. कारण सूर्य डोक्यावर असला की भिंतींवर थेट ऊन पडतच नाही. गच्ची जळून राहिली, रस्ता जळून राहिला, पण उभी भिंत उजळते ती फक्त आकाशाने आणि रस्त्यावरून उसळलेल्या उजेडाने. माणसाचा चेहरा बघा, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या आणि हनुवटीखाली मात्र उजेड, कारण तो जमिनीवरून येऊन राहिला. इंजिनमध्ये बाउन्स नसेल, म्हणजे ग्लोबल इल्युमिनेशन बंद असेल, तर ही दुपार बनतच नाही, भिंती नुसत्या राखाडी पुठ्ठ्यासारख्या दिसतात. त्यासाठी अनरियल ५ मध्ये ल्युमेन आहे, गोडो ४ मध्ये एसडीएफजीआय आहे, पण फोनसाठी सरळ लाइटमॅप बेक करा, म्हणजे उजेडाचा हिशोब आधीच करून चित्रात साठवा, रात्री लावून झोपून जा. घाईत लोक बाउन्सऐवजी अँबियंट लाइट वाढवतात, त्याने सगळं सारखंच उजळते आणि कोपऱ्यातला काळोख पण जातो, मग सीनला वजनच राहत नाही.

सावलीची कड पण बघा. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाचा दिसते, ठिपका नाही तो, म्हणून वस्तू जमिनीपासून जितकी लांब तितकी तिची सावली धूसर, हिशोबात दर मीटरमागे साधारण ९ मिलिमीटर. विजेच्या खांबाची सावली बुडाशी धारदार असते आणि टोकाला पसरते, आणि आठ मीटरवरची बारीक तार तर जमिनीवर जवळपास दिसतच नाही. कडुनिंबाखाली जमिनीवर जे गोल गोल कवडसे पडतात ते पानांमधल्या फटींचे आकार नाहीत, ते सूर्याचेच गोल आहेत. लाइटच्या सेटिंगमध्ये सूर्य केवढा दिसतो ते सांगणारं अँगलचं जे खातं असते (दिशेचा अँगल नाही) तिथे ०.५३ टाका, शून्य ठेवू नका.

एक्सपोजरचं पण आपल्याकडे चांगलं शिकता येते. उघड्यावर दुपारी १ लाख लक्सच्या आसपास उजेड असते आणि घरात एका ट्यूबलाइटखाली शे-दीडशे. म्हणजे सहाशे-हजार पटीचा फरक, फोटोग्राफीच्या भाषेत नऊ-दहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या अरुंद गल्लीतून आतल्या दुकानात शिरलं की क्षणभर काहीच दिसत नाही, आणि बाहेर येताना मात्र डोळे लवकर सावरतात. अनरियलसारख्या इंजिनात ऑटो एक्सपोजरचे, म्हणजे डोळ्यासारखं आपोआप उजेडाशी जुळवून घ्यायचे, दोन वेग असतात, अंधारात जाताना हळू आणि उजेडात येताना जलद, ते दोन्ही सारखे ठेवले की खेळणाऱ्याला कळत नाही काय चुकलं, पण खटकते. आणि उन्हाळ्यात सिग्नलवर ज्या हिरव्या जाळ्या लावतात ना, त्यांच्याखाली थांबल्यावर समोरच्याचं पांढरं शर्ट बघा, हिरवट होऊन जाते. कोणीतरी या जाळीखालची एक लेव्हल बनवा राव, मी आजवर कोणत्या गेममध्ये नाही पाहिली.

सरावासाठी क्रोम बॉल, म्हणजे आरशासारखा चकचकीत गोळा, विकत घ्यायची गरज नाही. घरातली स्टीलची वाटी पालथी ठेवा, बाजूला प्लास्टिकचा चेंडू राखाडी मॅट रंग मारून ठेवा, दोघांचा एकाच जागी फोटो काढा. वाटीत दिसते उजेड कुठून कुठून येऊन राहिला, चेंडूवर दिसते तो किती कडक आहे आणि सावलीची बाजू कोणत्या रंगाची आहे. मग इंजिनमध्ये तेच दोन गोळे ठेवून फोटोशी जुळवा. सकाळी, दुपारी, ढगाळ दिवशी, रात्री ट्यूबखाली. हे जुळलं की मग रंगीत टेक्श्चर लावा, त्याच्या आधी नाही.

आणि आता घ्या आग. पार्टिकल सिस्टिम ही काही नवीन भानगड नाही, विल्यम रीव्ह्ज यांचा त्यावरचा पेपर १९८३ चा आहे, खूप सारे छोटे कण, प्रत्येकाचं आयुष्य, वेग, रंग, आणि सगळे मिळून एक गोष्ट. अनरियलचं नायगारा असो, युनिटीचं व्हीएफएक्स ग्राफ असो की गोडोचे जीपीयू पार्टिकल्स, मूळ तेच. बटणं आठवडाभरात कळतात. कळत नाही ते हे, की आग कुठे जळून राहिली.

नागपूरची मारबत बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघते, काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे असे मोठाले पुतळे, इडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणत अख्खं गाव रस्त्यावर, आणि शेवटी दहन. दिवसाउजेडी मोठं काही जळताना पाहा, ज्वाला फिकट असतात, उन्हासमोर त्यांचं काही चालत नाही. दिसते काय, तर काळा धूर, उडणारी राख, आणि ज्वालांच्या वर हलणारी हवा. तेच होळीच्या रात्री उलटं, ज्वाला भगभगीत, लोकांचे चेहरे नारिंगी, आणि धूर फक्त खालच्या बाजूने जिथे आगीचा उजेड लागते तिथेच दिसते, वर अंधारात हरवून जाते. आग दोन्हीकडे आगच आहे. तरी पोट्टे एकच आगीचं अ‍ॅसेट डाउनलोड करून दिवसा पण टाकतात आणि रात्री पण टाकतात.

तांत्रिक भाषेत बोलायचं तर ज्वाला अ‍ॅडिटिव्ह ब्लेंडने काढतात, म्हणजे मागच्या रंगात ती भर घालते, मागे आधीच उजळ आकाश असेल तर भर घालायला जागाच उरत नाही. धूर अल्फा ब्लेंडने, तो मागचं झाकतो. आणि जिथे ज्वालेचा धूर होते तिथे प्रीमल्टिप्लाइड अल्फा वापरा, एकाच कणात दोन्ही जमते. हलणारी हवा म्हणजे मागचं चित्र नॉइजच्या नॉर्मल मॅपने थोडंसं सरकवायचं, थोडंसंच, नाहीतर सगळा सीन पाण्याखाली गेल्यासारखा वाटते. प्रत्येक कण म्हणजे एका सपाट चौकोनावरचं चित्र असते, तो धुराचा चौकोन जमिनीत घुसतो तिथे सरळ रेघ दिसते ती घालवायला गोडोत प्रॉक्सिमिटी फेड आहे, अनरियलमध्ये डेप्थ फेड.

टायमिंगवर मी एवढंच म्हणतो की स्फोटाचा पहिला चमकारा दोन-तीन फ्रेमचाच ठेवा आणि धुराला मात्र निवांत राहू द्या. बहुतेकांचे सगळे कण एकदम जन्मतात आणि एकदम मरतात.

आणि फोनवर काम करत असाल तर ओव्हरड्रॉ नावाचा प्रकार आधी शिका. धुराचे चाळीस पारदर्शक चौकोन एकावर एक आणि प्रत्येक चौकोनाने स्क्रीन भरून टाकली, तर जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, प्रत्येक पिक्सेल चाळीस वेळा रंगवते. सेकंदाला ६० फ्रेमसाठी एका फ्रेमला १६.६ मिलिसेकंद मिळतात, त्यात बाकी सगळा गेम पण चालवायचा असते. म्हणून चौकोन कमी, पण ८ बाय ८ चं फ्लिपबुक टेक्श्चर, म्हणजे ६४ चित्रं एकाच पानावर, त्याने कमी कणांतही धूर हलताना दिसते. चौकोनाचे रिकामे कोपरे पण कापून टाका, अल्फा शून्य, म्हणजे पूर्ण पारदर्शक, असला तरी तो पिक्सेल मोजल्या जातेच.

आणि टेस्टिंग एसीत बसून करू नका. स्वस्तातला फोन घ्या, मे महिन्यात दुपारी दोन वाजता कूलर बंद करा आणि सगळ्यात जास्त धुराची लेव्हल सलग वीस मिनिटं खेळा. पहिल्या पाच मिनिटांत ६० फ्रेम कोणालाही मिळतात. फोन गरम झाला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि स्क्रीनही मंद होते, तेव्हा जो आकडा दिसते तो धरून धुराचे चौकोन कापायला बसा.